'मॅडम, मी सेवेसाठी नाही, नोकरीसाठी आलेय'

गंगेवरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायला बसलेय.

मी नाशिकमध्ये समाजकार्य शिकवते. कॉलेज कोणतं ते विचारू नका, नाशिककर तसंही दोन वाक्यांत ओळखतात. दरवर्षी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी) पहिल्या वर्षाची मुलं आली की एक फॉर्म भरून घेतो. त्यात प्रश्न असतो, 'समाजकार्य हे क्षेत्र का निवडले?' गेली चौदा वर्षं मी ही उत्तरं वाचतेय. समाजाचं ऋण फेडायचंय. गोरगरिबांची सेवा. उपेक्षितांचे अश्रू पुसायचेत. (अश्रू दरवर्षी असतातच.) प्रेरणास्थान म्हणून बाबा आमटे, सिंधुताई, गडचिरोलीचे बंग पतिपत्नी. यातलं काही खोटं असतं असं मला म्हणायचं नाही. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी माणसाला खरंच तसं वाटत असतं.

मागच्या वर्षी एका मुलीने त्या रकान्यात एकच शब्द लिहिला. 'नोकरीसाठी.'

मुलगी पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची. बोलावून म्हटलं, अगं, निदान दोन ओळी तरी लिही. ती म्हणाली, "मॅडम, मी सेवेसाठी नाही, नोकरीसाठी आलेय. आमच्याकडे सेवा करायला खूप जण येऊन गेले." खरं सांगायचं तर मला राग आला. माझ्या वहीत तिच्या नावापुढे मी 'प्रेरणा कमी' असं लिहिलं. ते पान अजून आहे.

मग फील्डवर्क सुरू झालं. आठवड्यातले दोन दिवस वस्तीत किंवा संस्थेत, मग अहवाल, मग माझ्यासोबत बसून चर्चा. अहवाल वाचताना मला क्रियापदं बघायची सवय लागलीय. एका हुशार, मनापासून काम करणाऱ्या मुलाच्या अहवालात 'समजावून सांगितले' अकरा वेळा आलं आणि 'विचारले' दोनदा. 'महिलांना स्वच्छतेचे महत्त्व समजावून सांगितले.' ज्या गल्लीत हे समजावलं, तिथे पाणी पहाटे चारला येतं आणि पाऊण तासात जातं. त्या बायकांना स्वच्छतेचं महत्त्व त्याच्या आईपेक्षा जास्त ठाऊक आहे.

'प्रेरणा कमी'वालीच्या अहवालात होतं, 'बसले.' 'विचारले.' 'मला माहीत नव्हते, विचारून सांगते म्हटले.' आणि पुढच्या आठवड्यात, 'विचारून आले, सांगितले.'

आपल्याकडे हे शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालं, नागपाड्याच्या वस्तीतल्या कामातून. पुढे तीच संस्था टाटा इन्स्टिट्यूट झाली. पण पुस्तकं बरीचशी अमेरिकन वळणाची राहिली. पुस्तकातला क्लायंट स्वतःहून ऑफिसात येतो, खुर्चीवर बसतो, अडचण सांगतो. इथे आपणच न बोलावता त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो आणि वर त्यालाच क्लायंट म्हणतो!

तर विचारायचं हे की नर्सिंग, डीएड, डॉक्टरकी, समुपदेशन असं काही शिकलेले इथे बरेच जण आहेत. शिकत असताना तुम्ही स्वतःला कोण समजत होतात? मुलीची परवानगी घेऊनच लिहिलंय. ती इथे वाचते.

---

तात्या_पंचवटी

ताई, विषय चांगला काढलात. आम्ही सेवादलातले. आमच्या वेळी कोणी फॉर्म भरून घेत नसे. बिऱ्हाड सांभाळून संध्याकाळी वस्तीत जायचो, खिशातले पैसे घालायचो. आपल्याच गावात २ मार्च १९३० ला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, हजारो माणसं. त्यात कोणाकडे एमएसडब्ल्यूची पदवी होती? पगारासाठी माणुसकी करायची हे काही पटत नाही बुवा. मुलीला दोष देत नाही, काळच तसा आलाय.

---

कॅल्क्युलेटर

अंबडला एका कंपनीत आहे, त्यामुळे हा माझा प्रांत नाही. पण आमचा ऑफिसचा ग्रुप गेली चार वर्षं दिवाळीत आदिवासी पाड्यांवर फराळ, कपडे, वह्या वाटतो. सगळं स्वखर्चाने. मुलांचे चेहरे बघितले की वर्षभराचा शीण जातो. प्रामाणिक प्रश्न आहे, खवचट नाही. याला दोन वर्षांची डिग्री कशाला लागते?

---

गंगेवरची

@कॅल्क्युलेटर, प्रश्न रास्त आहे, आमचे प्राचार्यही खासगीत विचारतात. नर्सिंगला १९४७ चा कायदा आहे, कौन्सिल आहे, नोंदणी लागते. समाजकार्याला देशपातळीवर अशी स्वतःची कौन्सिल नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात दवाखान्यात आणि मनोरुग्णांसोबत काम करणारे समाजकार्यकर्ते यादीत आले. वस्तीत काम करणाऱ्याला मात्र कोणी वाली नाही. त्यामुळे शब्द मोकळा सुटलाय. द्वारका ते नाशिकरोड नुसते फ्लेक्स वाचत जा, वाढदिवस असलेला प्रत्येक जण 'समाजसेवक' आहे.

@तात्या, काळारामाचं उदाहरण तुम्ही दिलंत आणि मला वेगळंच सुचलं. ती माणसं दुसऱ्याच्या मदतीला गेली नव्हती. देवळाचं दार त्यांनाच बंद होतं.

---

रात्रपाळी

मी नर्स. आधी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मग पोस्ट बेसिक म्हणजे त्यावरची पदवी. अठरा वर्षं सर्व्हिस. आत्ता ब्रेकमध्ये मोबाइलवर टाइप करतेय, चुका पोटात घाला.

आम्हाला पहिल्या वर्षी हातात दिवा देऊन शपथ दिली. पांढरे कपडे, आई-वडील समोर बसलेले, आई रडत होती. त्या दिवशी मी स्वतःला जवळजवळ देवी समजत होते. तिसऱ्या आठवड्यात वॉर्डात एका आजोबांनी माझ्या अंगावर उलटी केली आणि वर मलाच शिव्या घातल्या. देवी तिथेच संपली. नर्स मात्र त्यानंतर हळूहळू झाले.

'सेवाभाव' शब्दाबद्दल माझा अनुभव सांगते. ट्रेनिंगमध्ये तो शब्द फक्त तेव्हाच ऐकू यायचा जेव्हा माणसं कमी असायची. सलग दुसरी ड्युटी लावायची असली की सेवाभाव. जेवायला सोडायचं नसलं की सेवाभाव. आम्ही शिकाऊ आहोत की स्टाफ हे आम्हालाच कळायचं नाही. रजा मागितली की 'तुम्ही नोकरी करायला आलात का सेवा करायला?' त्यामुळे त्या मुलीचं उत्तर वाचून मी वॉर्डात एकटीच हसले. तिने दोन वर्षं वाचवली.

---

खडू

@रात्रपाळी, शंभर टक्के सहमत. आणि हा शब्द नुसता बोलण्यात नाही, पदाच्या नावात आहे. मी डीएड करून लागलो तो 'शिक्षणसेवक' म्हणून. शिक्षक नाही. तीन वर्षं मानधन, मग शिक्षक. प्राथमिकला हे मानधन कित्येक वर्षं सहा हजार होतं, २०२३ मध्ये सोळा हजार झालं. सहा हजारात मी सुरगाण्यात खोली घेऊन राहत होतो आणि महिनाअखेरीला घरून पैसे मागवत होतो. म्हणजे राष्ट्र घडवणारा मी आणि मला पोसणारा बाप.

आता यादी बघा. अंगणवाडी सेविका. आशा स्वयंसेविका. शिक्षणसेवक. सेवा हा शब्द जिथे जिथे पदात आला तिथे पगाराचं मानधन झालं. अंगणवाडी १९७५ पासून आहे आणि त्या बायकांना ग्रॅच्युइटी लागू होते हे सांगायला सुप्रीम कोर्टाला २०२२ उजाडलं. तिथेही मुद्दा हाच होता की मानधन म्हणजे वेतन का.

---

तात्या_पंचवटी

खडू, सहा हजाराचं ठाऊक नव्हतं. पण तुम्ही सगळे शब्दावर घसरलात. सेवा शब्दाची चूक नाही, तो वापरणाऱ्यांची आहे.

---

करवंद

नमस्कार सगळ्यांना. मीच ती. मॅडमनी विचारून लिहिलंय, त्यामुळे चिडलेली नाही. ('प्रेरणा कमी' हे मात्र मला आजच कळलं.)

मला एवढं चांगलं लिहिता येत नाही, पण माझ्याबद्दल बोलणं चाललंय तर सांगते.

लहानपणी मला वाटायचं की शहरातल्या माणसांचं कामच आमच्याकडे येऊन काहीतरी लिहून नेणं हे असतं. पोरांच्या दंडाला ती रंगीत पट्टी लावायचे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे पोर फार कुपोषित. माझ्या धाकट्या भावाची लाल आली होती. त्यांनी लिहून नेलं. आईला वाटलं आता काहीतरी होईल. पुढच्या वेळी दुसरीच बाई आली, तिने परत पट्टी लावली, परत लिहून नेलं. भाऊ आता बारावीला आहे, काळजी करू नका. पण त्याला वाचवलं ते आमच्या आशाताईने. ती रोज यायची. तिला यावंच लागायचं, कारण ती तिथेच राहायची.

आता फील्डवर्कचं. दुसऱ्या वर्षी महिनाभर एका गावात राहायचं असतं, ब्लॉक प्लेसमेंट. मला दुसऱ्या तालुक्यातला पाडा मिळाला. भाषा माझीच, माणसं माझ्यासारखीच. चौथ्या दिवशी कळलं की एका मुलीचं लग्न ठरलंय. मुलगी सोळाची. आश्रमशाळेत दहावी झालेली.

वर्गात शिकलो ते आठवलं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६, गावात ग्रामसेवक हाच प्रतिबंधक अधिकारी, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. पण वर्गात हे शिकलो नव्हतो की तिची आई रोज मला चहा देत होती.

आईला विचारलं, का करताय? ती काय म्हणाली ते तसंच लिहिते. छाटणीपासून अर्धा पाडा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर उतरतो. विरळणी, मग औषधात घड बुडवायचे, मग काढणी. चार-पाच महिने. पोरीला इथे एकटी कुणाजवळ ठेवू? तिकडे नेली तर उघड्यावर पाल टाकून राहायचं, रात्री कोण येतं कोण जातं. लग्न झालं की ती कुणाची तरी झाली, मग कोणी वाकड्या नजरेने बघत नाही. तिच्या डोक्यात 'बालविवाह' असं काही नव्हतंच. तिच्या डोक्यात पोरीला कुठे ठेवायचं एवढंच होतं.

मी टेकाडावर चढले, रेंज आली, मॅडमना फोन केला. मॅडमनी नियम सांगितला आणि म्हणाल्या, एकटी जाऊ नकोस. मग मी परत त्या मावशीकडे गेले आणि म्हटलं, मला कळलंय तर आता मला गप्प बसता येणार नाही. पण तुमच्या मागून नाही सांगणार, तुम्हाला सांगून सांगणार. आशाताईला घेऊन ग्रामसेवकांकडे गेले. ते आले, दोन्हीकडच्यांना बसवलं, लिहून घेतलं, लग्न थांबलं. त्या रात्री माझ्या बापाला कुणीतरी फोन केला, 'पोरगी शिकायला धाडलीस का पोलिसात?' मावशीने उरलेले दिवस मला चहा दिला नाही.

अहवालावर शेरा मिळाला, 'उत्कृष्ट हस्तक्षेप'. (मॅडमचा नाही, दुसऱ्या सरांचा.)

पण ती मुलगी आज शाळेत नाही. वसतिगृहाच्या प्रवेशाची मुदत केव्हाच संपली होती. ती आईबरोबर बागेवर विरळणी करतेय, त्याच पालात. मी लग्न थांबवलं, बाकी काही बदललं नाही. माझा महिना संपला आणि मी नाशिकला परत आले.

म्हणून मी नोकरी म्हणते. तिथे नोकरीला असते तर जूनमध्ये वसतिगृहाचे फॉर्म निघतील तेव्हा मी तिच्या दारात असते. नसते गेले तर कोणीतरी मला विचारलं असतं, का गेली नाहीस. सेवा करणाऱ्याला कोण विचारणार? तो येतो हेच उपकार. मला विचारणारं कोणीतरी पाहिजे.

---

रात्रपाळी

करवंद, दोनदा वाचलं. मागून नाही, सांगून सांगेन, हे आम्हाला अठरा वर्षांत कोणी शिकवलं नाही.

याच गोष्टीचं दुसरं टोक आमच्याकडे येतं. सतरा वर्षांची पोरगी कळा देत येते. कोणाची विधीने लग्न झालेली, कोणाचा नुसताच संसार. अठराच्या आत म्हणजे पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), म्हणजे पोलिसांना कळवणं आलं, नाही कळवलं तर आमच्यावर गुन्हा. कायदा २०१२ चा, आणि हेतू चांगलाच आहे, छळ झालेल्या पोरी त्यातूनच कळतात. पण एका नवऱ्याला धरून नेलं की त्या पाड्यावरची पुढची बाई दवाखान्यात येतच नाही. घरीच बाळंत होते. मग मी कोण? सिस्टर का पोलीस? स्टुडंट नर्सेस मला हेच विचारतात आणि मी त्यांना फॉर्म भरायला लावते, कारण तेवढंच माझ्या हातात आहे.

---

काळा_कोट

थोडं कायद्याचं. १०९८ वर माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त राहू शकतं, त्यामुळे मुलीने समोर जायलाच हवं होतं असं नाही. पण ती गेली, त्याचं मला कौतुक वाटतं. आणि सिस्टर, सप्टेंबर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात एक वाट करून दिलीय. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव-ओळख देण्याची गरज नाही. बाळंतपणाला हे लागू करता येणार नाही. पण कळवण्याच्या सक्तीमुळे पोरी दवाखान्याबाहेरच राहतात हे कोर्टालाही दिसलं, एवढं त्यातून कळतं.

---

खडू

करवंद, तुझ्या नोकरीच्या मुद्द्यावर थोडं गार पाणी ओततो, राग मानू नकोस. ज्या जागांसाठी तुम्ही एमएसडब्ल्यूवाले फॉर्म भरता त्यातल्या बऱ्याच कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा ब्रेक, मग परत अकरा. प्रकल्प बंद झाला की टेबलासकट माणूस गायब. तू जूनमध्ये त्या दारात असशील याची हमी नोकरीही देत नाही. माझ्या शाळेत समुपदेशक ताई यायच्या, पोरं त्यांच्याशी बोलायला लागली आणि त्यांची ऑर्डर संपली.

---

करवंद

माहीत आहे सर. तरीपण.

---

तात्या_पंचवटी

बाळा करवंद, मी वर जे लिहिलं त्यातलं 'पगारासाठी माणुसकी' हे परत घेतो. बाकीचं घेत नाही. सेवादलात आम्ही ज्या वस्तीत जायचो तिथे पंचवीस वर्षं गेलो, हे मात्र खरं. पण त्याचं एक कारण आत्ता लक्षात आलं. मला बँकेत पक्की नोकरी होती आणि बदली कधी नाशिकबाहेर झाली नाही.

त्या मुलीच्या वसतिगृहाचं जूनला काय ते बघ. आदिवासी विकास भवनात खेटे घालायचे असतील तर मी रिकामाच आहे. त्र्यंबक नाक्यापर्यंत चालत येतो.

---

करवंद

आजोबा, मे महिन्यातच फोन करीन. दाखल्यांची जमवाजमव आधीच करावी लागते. तिचा जातीचा दाखला निघालेला नाही, तिथूनच सुरुवात आहे.

---

गंगेवरची

मधले दोन दिवस परीक्षेच्या कामात गेले, माफ करा.

@रात्रपाळी, तुमची पोस्ट (नाव काढून) मी काल ग्रुप कॉन्फरन्सला वाचून दाखवली. बारा मुलांत दीड तास भांडण झालं. 'समजावून सांगितले'वाला मुलगा सगळ्यात शेवटी बोलला. म्हणाला, "मॅडम, मला आजपर्यंत कोणीच मदत केलेली नाही, म्हणजे तशी वेळच आली नाही. मदत घेताना कसं वाटतं हे मला माहीत नाही." नाशिकच्या कॉलेजरोडवर वाढलेला मुलगा. हे उत्तर मला चौदा वर्षांत एकाही फॉर्मवर मिळालं नव्हतं.

त्यावरून एक ठरवलंय. येत्या जुलैपासून तो 'क्षेत्र का निवडले' प्रश्न काढून टाकतेय. त्याऐवजी विचारणार, 'तुमच्या घरी आजवर मदतीला कोण कोण आलं? त्यांचं काय आवडलं नाही?' विभागातल्या एका सहकाऱ्यांना हा प्रश्न नकारात्मक वाटतोय. बघू.

---

करवंद

मॅडम, माझं उत्तर आत्ताच लिहून ठेवा.

दिवाळीत नाशिकहून गाड्या यायच्या. आम्हाला उंचीप्रमाणे ओळीत उभं करायचे. आधी गाणं म्हणायला लावायचे, मग फोटो, मग फराळाची पाकिटं. फोटोत डोळे मिटलेले आले की परत. पाकीट हातात धरून दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. नाव कधी कोणी विचारलं नाही.

---

कॅल्क्युलेटर

कोणता पाडा?

---

करवंद

नाही सांगत सर. पण शंकरपाळे चांगले असायचे.